आकाशातला कोट, रस्त्यावरचा कोट

१९४० आणि १९६४ या दोन सालांमध्ये अवघे चोवीस वर्षांचे अंतर आहे. १९४० च्या ब्रिटिश छायाचित्रांत विमानाच्या पंखाला टेकून उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा वैमानिक दिसतो. अंगात मेंढीच्या कातड्याचे जाडजूड जाकीट, कॉलर वर केलेली, आतली लोकर गळ्याशी डोकावते आहे. १९६४ च्या छायाचित्रांत तेवढ्याच वयाचा मुलगा समुद्रकाठच्या गावात मोटारसायकलला टेकून उभा आहे. अंगात काळ्या चामड्याचे जाकीट, कॉलर तशीच वर केलेली. पहिल्याच्या दर्शनाने देशाचा ऊर भरून येत होता. दुसऱ्यासाठी पोलीस बंदोबस्त लावावा लागत होता. देश तोच, वय तेच, अंगावरचे चामडेही जवळपास त्याच कुळातले. मग या चोवीस वर्षांत बदलले काय?

चामड्याच्या कपड्यांवर लिहिणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. युद्धसामग्रीच्या संग्राहकांना शिलाई, झिप आणि अस्तरावरचे शिक्के यांत रस असतो. फॅशनच्या अभ्यासकांना कोण नट कोणते जाकीट घालून पडद्यावर आला, यात रस असतो. मी या दोहोंपैकी कोणी नाही. इतिहासाचे रीतसर शिक्षणही माझे झालेले नाही. पण या कपड्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो तेव्हा मला वाटू लागले की, ही गोष्ट मुळात मानाची आहे. चामडे कोणाच्या अंगावर आहे त्यावरून त्याची इभ्रत ठरते आणि ज्याच्या हातून ते कमावले गेले त्याच्यापर्यंत ती इभ्रत कधीच पोचत नाही. हे आपल्याकडे सांगायला नको. ब्रिटनमध्ये हे कसे घडले, ते इथे पाहायचे आहे.

मोटारीपासून विमानापर्यंत

सुरुवात विमानाने नव्हे, मोटारीने झाली. १८९६ साली ब्रिटनमध्ये मोटारींवरचे जुने जाचक निर्बंध उठले आणि ताशी १४ मैलांच्या वेगाला परवानगी मिळाली. त्या मोटारींना ना टप होते ना पुढची काच. धूळ, पाऊस आणि वारा थेट अंगावर. घोडागाडीत बसताना घालायचा लोकरी ओव्हरकोट इथे कुचकामी ठरला, कारण विणलेल्या कापडाच्या छिद्रांतून वारा आत शिरतो आणि अंगाभोवती साठलेली ऊब पळवून नेतो. चामड्यातून वारा शिरत नाही. त्याचा पहिला गुण हाच.

लंडनच्या युस्टन रोडवर आल्फ्रेड डनहिल नावाच्या तरुणाने १८९३ साली वडिलांचा खोगीर-लगामांचा धंदा हाती घेतला होता. घोडे जाणार आणि मोटारी येणार, हे त्याने ओळखले. लगाम शिवणाऱ्या कारागिरांकडून तो मोटारवाल्यांसाठी लागणाऱ्या वस्तू करून घेऊ लागला. कोट, चष्मे, हातमोजे, दिवे असे मोटार सोडून सारे काही त्याच्याकडे मिळे. पुढे तंबाखू आणि पाइपांसाठी जगभर गाजलेले डनहिल ते हेच. घोड्याच्या पाठीवरचे चामडे माणसाच्या पाठीवर आले ते या वाटेने. गिऱ्हाईक मात्र श्रीमंतच होते. मोटार घेणे त्या काळी फार थोड्यांना परवडत होते.

१९०७ हे साल या इतिहासात महत्त्वाचे आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावायला कायद्याने बंदी होती. म्हणून त्या वर्षी मोटारसायकलींची पहिली टुरिस्ट ट्रॉफी शर्यत आइल ऑफ मॅन या बेटावर झाली. त्याच वर्षी लंडनजवळ सरे परगण्यात ब्रुकलँड्सचा शर्यतमार्ग बांधून झाला. पाठोपाठ त्याच आवारात ए. व्ही. रो यांच्यासारखे लोक विमाने उडवण्याचे प्रयोग करू लागले. मोटार, मोटारसायकल आणि विमान ही तिन्ही यंत्रे एकाच कुंपणाच्या आत आली. त्यांवर बसणाऱ्यांचे कपडेही एकच होते: चामड्याची टोपी, डोळ्यांवर चष्मा, कोपराकडे चढणारे हातमोजे आणि लांब कोट. वैमानिकाचा वेगळा असा पोशाख तेव्हा जन्मलाच नव्हता. मोटारवाल्याचाच पोशाख घालून माणूस आकाशात गेला.

उणे पंधरा अंश आणि एरंडेल

१९१२ साली रॉयल फ्लाइंग कोअर स्थापन झाले आणि दोन वर्षांत महायुद्ध आले. विमाने उंच जाऊ लागली तसा थंडीचा प्रश्न जिवावर बेतू लागला. १५ हजार फुटांवर हवेचे तापमान साधारण उणे १५ अंश असते, हिवाळ्यात आणखी कमी. बसायची जागा उघडी, वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. चेहऱ्याची कातडी हिमदंशाने काळी पडू नये म्हणून वैमानिक तोंडाला देवमाशाची चरबी चोपडत.

त्यात भर एरंडेलाची. त्या काळच्या अनेक लढाऊ विमानांची इंजिने पंख्याबरोबर स्वतःही गरगर फिरत. त्यांच्या वंगणासाठी एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही आणि उष्णतेतही आपला चिकटपणा राखते. जळून उरलेले एरंडेल धुरासोबत बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या चष्म्यावर, तोंडावर, कोटावर बसे. चष्मा पुसायला आणि शत्रूच्या शोधात सारखी वळणारी मान घासून सोलू नये म्हणून गळ्यात रेशमी रुमाल आला. चित्रपटांत तो ऐटीचा वाटतो, पण त्याचा उगम गरजेत आहे. ब्रिटनला लागणाऱ्या एरंडीचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होत असे. लहानपणी नाक दाबून आपल्या घशात ओतलेले औषध फ्रान्सच्या आकाशात इंजिन फिरवत होते. पुढे मोटारसायकलींच्या शर्यतींतही तेच आले. ‘कॅस्ट्रॉल’ या नावातला पहिला भाग इंग्रजीतल्या एरंडाचाच आहे.

सुरुवातीला अधिकारी आपापल्या ऐपतीप्रमाणे दुकानातून कपडे घेत. लॅनो हॉकर हा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला वैमानिक. त्याने मांडीपर्यंत पोचणारे, आतून मेंढीच्या लोकरीचे बूट स्वतः आखले आणि हॅरॉड्स या लंडनच्या बड्या दुकानाकडून करून घेतले. हे ‘फग बूट’ पुढे सर्वत्र पसरले. हॉकर नोव्हेंबर १९१६ मध्ये रिश्टहोफेनशी झालेल्या झुंजीत मारला गेला. ब्रिटिश विमानांतल्या वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिले जात नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. थंडीपासून वाचवायला लांब कोट होता. आग लागली तर मात्र काही उपाय नव्हता.

या कोटात शिरायला वैमानिक मुळात ‘साहेब’ असावा लागे, कारण बहुतेक वैमानिक हे कमिशन मिळालेले अधिकारी होते आणि हिंदी माणसाला तसे कमिशन मिळणे जवळपास अशक्य होते. ऑक्सफर्डला शिकणारे हरदित सिंग मलिक यांना आधी फ्रेंचांकडे रुग्णवाहिका चालवावी लागली. त्यांच्या प्राध्यापकाने रदबदली केल्यावर १९१७ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. पगडी उतरवायला त्यांनी नकार दिला, तेव्हा पगडीवर बसेल अशी मोठी खास टोपी त्यांच्यासाठी करावी लागली. त्या वर्षी ऑक्टोबरात पायात गोळ्या लागूनही ते विमान घेऊन आपल्या हद्दीत परतले. इंद्रलाल रॉय यांनी दहा विमाने पाडली आणि जुलै १९१८ मध्ये ते कामी आले. आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. जून १९१८ मध्ये ते पाडले गेले आणि जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांनी वारले. फ्रान्समध्ये हँगार्ड इथे त्यांची कबर आहे. मराठी आडनावाचा हा माणूस आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. माझ्या पिढीत तरी त्याचे नाव ऐकलेले लोक मला फार थोडे भेटले.

कापडाने चामड्यावर केलेली मात

इथे एक गमतीचा भाग येतो. चामड्याचा कोट हे वैमानिकाचे प्रतीक बनत होते, नेमके त्याच वेळी आकाशात चामडे हरत होते.

सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन तरुण ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात होता. १९१६ च्या हिवाळ्यात एकदा इंजिनाशी खटपट करत असताना त्याला तडकाफडकी उड्डाण करावे लागले. कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून तो अंगातल्या मळक्या सुती कामाच्या डगल्यातच गेला. परतल्यावर बाकीचे कुडकुडत होते आणि त्याला मात्र फारशी थंडी वाजली नव्हती. त्याने कारण शोधले. डगला तेल आणि ग्रीस पिऊन पिऊन वाराबंद झाला होता आणि अंगची ऊब आतच राहिली होती. लंडनच्या रॉबिन्सन अँड क्लीव्हर या दुकानाकडून त्याने तीन थरांचा अंगभर पोशाख शिवून घेतला. आत पातळ फर, मधे हवा न शिरणारे रेशीम आणि बाहेर घट्ट विणीचे गॅबर्डिन. कॉटनच्याच नावावरून ‘सिडकॉट’ म्हणून तो ओळखला गेला आणि १९१७ पासून ब्रिटिश हवाई दलांनी स्वीकारला. फेरफार होत होत तो १९५० च्या दशकापर्यंत टिकला.

चामडे वारा अडवते, पण ऊब धरत नाही. ऊब धरते ती आतली थांबलेली हवा. ओले झाले की चामडे जड होते आणि वाळायला वेळ लावते. थरांचे कापड हलके, स्वस्त आणि अधिक उबदार. नुसता हिशेब पाहिला असता तर चामडे १९१७ मध्येच आकाशातून हद्दपार व्हायला हवे होते. ते झाले नाही, याला एक कारण मेंढी आणि दुसरे कारण आग.

बर्मंडसीचे ‘शुद्ध’ आणि वेंगुर्ल्याचा हिरडा

त्याआधी हे चामडे येत होते कुठून, ते पाहू. लंडन शहरात टेम्स नदीच्या दक्षिणेला बर्मंडसी हा भाग आहे. कातडी कमावण्याच्या धंद्याला पाणी लागते आणि त्याची दुर्गंधी कोणाला नको असते. म्हणून हा धंदा शतकानुशतके नदीपलीकडे, शहराच्या वेशीबाहेर राहिला. आपल्याकडे गावकुसाबाहेर जशी ढोरांची कुंडे, तसेच हे. फरक एवढाच की तिथे जन्माने कोणाला त्या कुंडात ढकलले नव्हते. वास मात्र कारागिराच्या अंगाला तितकाच चिकटत होता.

हलकी, मऊ कातडी कमावताना चुन्याच्या निवळीतून काढलेले कातडे नरम करावे लागते. त्यासाठी इंग्रज कारागीर कुत्र्याची विष्ठा वापरत. रस्त्यांवरून ती गोळा करून विकणारी गरीब माणसे लंडनमध्ये होती. हेन्री मेह्यू यांनी १८५१ च्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. या मालाचे धंद्यातले नाव होते ‘प्युअर’, म्हणजे शुद्ध! शुद्ध-अशुद्धाचा इतका खोल विनोद मला दुसऱ्या कुठल्या धंद्याच्या बोलीत सापडलेला नाही. १९०८ च्या सुमारास ऑटो रोम या जर्मन रसायनतज्ज्ञाने जनावरांच्या स्वादुपिंडातील पाचक द्रव्यांपासून तेच काम करणारी भुकटी बाजारात आणली आणि हळूहळू ‘शुद्ध’ गोळा करणारे संपले.

कमावण्याच्या द्रव्यांत आपला हिरडा होता. वाळलेल्या हिरड्यात साधारण तीस टक्के टॅनिन असते. एकट्या हिरड्याने कमावलेले कातडे भुसभुशीत होते, म्हणून ब्रिटिश कारखाने तो इतर सालींबरोबर मिसळून वापरत. ब्रिटनच्या बाजारात हिरड्याच्या प्रती त्यांच्या मुलखावरून ओळखल्या जात. ‘जबलपूर’ ही एक आणि ‘विंगोर्ला’ ही दुसरी. विंगोर्ला म्हणजे आपले वेंगुर्ले. सह्याद्रीत वेचलेले फळ कोकणच्या बंदराचे नाव लावून ब्रिटनच्या कुंडांत पडत होते. मद्रास इलाख्यातून तर तरवडाच्या सालीने कमावलेली गाई-म्हशींची कातडी ‘ईस्ट इंडिया किप्स’ या नावाने जात. पहिल्या महायुद्धात लष्करी बुटांच्या वरच्या भागासाठी ती इतकी निकडीची ठरली की सरकारने तो व्यापारच ताब्यात घेतला. आपल्या माळावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड तो हाच. अमुक वैमानिकाच्या कोटात आपला हिरडा होता, असा दावा मी करणार नाही. पण ज्या धंद्यावर ते कोट उभे होते, त्याच्या पायात आपले डोंगर आणि आपले हात होते, एवढे नक्की.

मेंढी, आग आणि सार्जंट

लेस्ली अर्विन हा मूळचा अमेरिकन. एप्रिल १९१९ मध्ये ओहायोतील डेटनजवळ त्याने विमानातून उडी मारली आणि हवेत स्वतःच्या हाताने दोरी ओढून पॅराशूट उघडले. माणूस असा मोकळा पडत असताना शुद्धीवर राहणार नाही, असा तेव्हा अनेकांचा समज होता, तो त्याने मोडला. त्याने पॅराशूटची कंपनी काढली. नोंदणीत कोणा कारकुनाच्या चुकीने ‘अर्विन’चे ‘अर्विंग’ झाले आणि तेच नाव राहिले. १९२६ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये लेचवर्थ इथे कारखाना घातला. उंचावरच्या थंडीचा अनुभव त्याला होताच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लोकरीसकट कमावलेल्या मेंढीच्या कातड्याचे आखूड जाकीट तयार केले. लोकर आत, कातडे बाहेर. कॉटनने तीन थरांनी जे साधले ते मेंढीच्या अंगावर निसर्गाने एकाच थरात करून ठेवलेले होते: वारा अडवणारे कातडे आणि हवा धरून ठेवणारी लोकर.

युद्ध पेटल्यावर मागणी इतकी वाढली की अर्विनच्या नमुन्याची जाकिटे इतर कारखान्यांकडूनही करून घ्यावी लागली. आधीची जाकिटे मोठ्या, अखंड कातड्यांतून बेतलेली होती. नंतरच्या जाकिटांत छोटे छोटे तुकडे जोडलेले दिसतात, कारण मोठी निर्दोष कातडी पुरेनात. जोडणीच्या शिवणींवरून जाकीट युद्धाच्या आधीच्या वर्षांतले की नंतरच्या, याचा अंदाज बांधता येतो. टंचाई अशी कपड्याच्या पाठीवर लिहिली जाते.

दुसरे कारण आग. लढाऊ विमानाची टाकी पेटली की काही सेकंदांत ज्वाळा वैमानिकापर्यंत पोचत. ईस्ट ग्रिनस्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी अशा भाजलेल्या वैमानिकांवर शस्त्रक्रिया केल्या. चेहरा आणि हात हेच भाग सर्वाधिक भाजलेले असत, कारण बाकीचे शरीर झाकलेले असे. पकड नीट यावी म्हणून अनेक जण हातमोजे काढून ठेवत, दिसण्यात अडथळा नको म्हणून चष्मा कपाळावर सारत. पुढे लेखक म्हणून नाव झालेला रिचर्ड हिलरी सप्टेंबर १९४० मध्ये असाच भाजला. त्याच्या हातांत मोजे नव्हते, चष्मा वर होता. चामड्याच्या एका पातळ थराची किंमत मॅकिंडो यांच्या रुग्णांइतकी कोणाला कळली नसेल. त्या रुग्णांनी १९४१ मध्ये ‘गिनी पिग क्लब’ काढला. युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सभासद झाले होते.

या युद्धात आणखी एक बदल झाला, त्याकडे कपड्यांचे अभ्यासक फारसे पाहत नाहीत. पहिल्या युद्धात उडणारे बहुधा अधिकारी होते. दुसऱ्या युद्धात असंख्य वैमानिक आणि बहुतांश तोफची, रेडिओवाले हे सार्जंट होते. कारकुनांची, गिरणी कामगारांची, दुकानदारांची मुले. बॉम्बफेकी विमानात शेपटाकडच्या तोफेपाशी बसणाऱ्याला कडक हिवाळ्यात उणे चाळीस अंशांपर्यंत थंडी सोसावी लागे. या दलातली ५५,५७३ माणसे मेली. त्यांना जाकिटे दुकानातून घ्यावी लागली नाहीत, ती सरकारने दिली. डनहिलच्या श्रीमंत गिऱ्हाइकाचे चामडे प्रथमच कामकरी घरांतल्या मुलांच्या अंगावर आले, आणि आले तेही मानासह. देशाने त्यांना डोक्यावर घेतले.

तेच चामडे रस्त्यावर

युद्ध संपले. लष्कराचा शिल्लक माल दुकानांत स्वस्तात येऊन पडला. वैमानिकांची जाकिटे, लोकरी अस्तराचे बूट, मोजे, तसेच सैनिकांच्या बिनबाह्यांच्या चामडी बंड्या. या बंड्या पुढे कित्येक वर्षे कोळसा वाहणाऱ्यांच्या आणि कचरा उचलणाऱ्यांच्या अंगावर दिसत होत्या. थंडीत मोटारसायकलवर कामाला जाणाऱ्यासाठी उडाणटप्पूपणाचा नव्हे, काटकसरीचा हा पोशाख होता.

आकाशात मात्र दाबनियंत्रित, उबदार कक्ष आले आणि जाड चामड्याची गरज संपत गेली. जे दुकानदार वैमानिकांवर जगत होते ते मोटारसायकलवाल्यांकडे वळले. लंडनच्या ग्रेट पोर्टलँड स्ट्रीटवरचे डी. लुइस हे १८९२ साली स्थापन झालेले दुकान. त्यांचा ‘एव्हिएकिट’ हा छाप नावाप्रमाणे उड्डाणाच्या कपड्यांचा होता. तोच छाप १९५० च्या दशकात मोटारसायकलच्या जाकिटांवर बसला. १९५६ मध्ये त्यांनी ‘ब्रॉन्क्स’ हे काळे जाकीट आणले. नाव अमेरिकी, शिवणकाम लंडनचे. मार्लन ब्रँडोच्या ‘द वाइल्ड वन’ या १९५३ च्या चित्रपटाला ब्रिटिश सेन्सॉरने १९६७ पर्यंत प्रमाणपत्र दिले नाही. बहुतेक मुलांनी तो चित्रपट पाहिलेला नव्हता, त्याची छायाचित्रे मात्र पाहिली होती.

शर्यतीच्या बाजूने वेगळीच सुधारणा आली. सेंट हेलन्सच्या जेफ ड्यूकने १९५० मध्ये गावातल्याच फ्रँक बार्कर या शिंप्याकडून अंगाला घट्ट बसणारा, वर-खाली एकसंध असा चामडी पोशाख शिवून घेतला. फडफडणारे जाकीट वाऱ्याला अडते आणि वेग खाते, हे त्याचे साधे गणित होते. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनची सीनियर शर्यत त्याने नॉर्टनवर जिंकली. आज जगातला प्रत्येक शर्यतपटू घालतो तो पोशाख एका गावशिंप्याच्या टेबलावर जन्मला.

१९५८ मध्ये हप्त्याने खरेदी करण्यावरचे निर्बंध सैल झाले. कारखान्यातला अठरा वर्षांचा पोरगाही ट्रायम्फ किंवा बीएसए घेऊ शकला. १९५९ च्या नोव्हेंबरात एम-१ हा महामार्ग खुला झाला आणि १९६५ च्या अखेरीपर्यंत त्याला वेगमर्यादाच नव्हती. ताशी शंभर मैल गाठणे हे या मुलांचे वेड. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचे एस कॅफे हा त्यांचा अड्डा. रात्रभर उघडे असणारे ट्रकवाल्यांचे हे हॉटेल १९३८ चे, युद्धात बॉम्बने पडलेले आणि १९४९ मध्ये पुन्हा बांधलेले.

१९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन इथे, नंतर मे महिन्यात मार्गेट आणि ब्रायटन इथे हे ‘रॉकर’ आणि स्कूटरवाले ‘मॉड’ यांच्यात मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना देशावरच्या आक्रमणाचे रूप दिले. प्रत्यक्ष घटना आणि तिचा डांगोरा यांतली तफावत स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिली. मला त्यात कपड्यांची एक बाजू दिसते. मॉड मुलांचा आवडता पार्का हा अमेरिकी सैन्याचा शिल्लक माल, आणि रॉकरचे जाकीट वैमानिकांच्या जाकिटाचा धाकटा भाऊ. बापांच्या युद्धातले कपडे घालून मुले पुळणीवर भांडत होती आणि त्याच पिढीतले न्यायाधीश त्यांना गुंड ठरवून दंड ठोठावत होते. चामडे सरकारने दिले होते तोवर ते शौर्याचे होते. पोराने स्वतःच्या पगारातून हप्त्याने घेतले तेव्हा ते उनाडपणाचे झाले.

सगळ्यांनीच तसे पाहिले नाही. पूर्व लंडनच्या हॅकनी विक भागात चर्चने १९५९ मध्ये तरुणांसाठी ‘फिफ्टी-नाइन क्लब’ सुरू केला होता. १९६२ मध्ये फादर बिल शेरगोल्ड यांनी त्यात मोटारसायकलवाल्यांना बोलावले. ते स्वतः ट्रायम्फ चालवत. काळ्या जाकिटांतली मुले मोटारसायकलींसह चर्चमध्ये आली, प्रार्थनेला बसली. पाद्र्याच्या अंगावरही तसेच जाकीट होते, एवढ्यानेच अर्धे अंतर मिटले असावे.

जे टिकले ते का टिकले

रस्त्यावरही चामड्याला स्पर्धक होतेच. बार्बरने १९३६ मध्ये मेण चोपडलेल्या सुती कापडाचा मोटारसायकल पोशाख आणला आणि बेलस्टाफने १९४८ मध्ये. पावसात हे कापड चामड्यापेक्षा सरस. १९६४ मध्ये पूर्व जर्मनीतल्या सहा दिवसांच्या शर्यतीत नट स्टीव्ह मॅक्वीन बार्बरचे मेणकापडच घालून उतरला होता. तरीही वेगाने जाणाऱ्यांनी चामडे सोडले नाही, आणि त्यामागे निव्वळ ऐट नाही.

कापड दोन दिशांच्या धाग्यांनी बनते. रस्त्यावर घासले आणि एक धागा तुटला की शेजारचे सुटत जातात. कातड्यातले तंतू उभे, आडवे आणि खोल अशा सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. वरचा थर झिजला तरी खालचा उसवत नाही. पुढे केंब्रिजमध्ये रॉडरिक वुड्स यांनी हे यंत्रावर मोजले. खरखरीत पट्टा सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरवायचा, त्यावर कपड्याचा तुकडा टेकवायचा आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते पाहायचे. २००२ च्या युरोपीय मानकाने खांदे, कोपर, गुडघे अशा जागी किमान चार सेकंद टिकण्याची अट घातली. रस्त्यावर घसरत जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात चार सेकंद फार मोठे असतात. आकाशात हरलेले चामडे रस्त्यावर जिंकले ते या गुणावर. त्याला गुंडगिरीचे चिन्ह मानणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. एस कॅफेतल्या मुलांना मात्र मित्रांच्या सोललेल्या कोपरांवरून ते पक्के ठाऊक होते.

आज अर्विनची जुनी जाकिटे संग्रहालयांत आहेत, आणि ज्या काळ्या जाकिटांसाठी १९६४ मध्ये पोलीस धावले तीही मोठ्या किमतीला विकली जातात. दोघांनाही मान मिळाला, एकाला लगेच, दुसऱ्याला चाळीस-पन्नास वर्षांनी. राहिला तो कमावणारा. बर्मंडसीचे कारखाने बंद झाले आणि तिथल्या इमारतींत आता कचेऱ्या आहेत. पण १८७८ मध्ये बांधलेल्या चामडे-बाजाराच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर काही गोल शिल्पे अजून शाबूत आहेत. त्यांत कातडी कमावणारे कारागीर आपापले काम करताना कोरलेले आहेत. वैमानिकांची नावे आपल्याला माहीत आहेत, शर्यतपटूंचीही. या भिंतीवरच्या माणसांना नावे नाहीत. तरी निदान त्यांचे कष्ट दगडात कोरावेत असे कोणाला तरी वाटले. वेंगुर्ल्याच्या बंदराकडे हिरड्याची पोती उतरवणाऱ्यांच्या वाट्याला तेवढीही भिंत आलेली नाही.